लस नाही म्हणून 119 दिवस फाटकाबाहेर: पगार मागता येईल का?

तिसरी पाळी, भोसरी · 8 जून 2022, सकाळी

नमस्कार. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी 14 वर्षे सीएनसी मशीनवर कायम कामगार म्हणून काम करत आहे. कारखान्यात सुमारे 180 कायम कामगार आहेत आणि माझा एकूण पगार महिना 22,600 रुपये आहे. माझे वय 47 आहे.

मे 2021 मध्ये मी कोविड लशीचा पहिला डोस घेतला. केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवतात, त्या अर्ध्या तासातच माझ्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले आणि घसा आवळल्यासारखे झाले. एक रात्र रुग्णालयात काढावी लागली. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर 'दुसरा डोस देऊ नये' असे लिहून दिले. त्या कार्डाची प्रत मी जूनमध्येच टाइम ऑफिसला दिली होती, परंतु तिची पोच मागण्याचे तेव्हा डोक्यातही आले नाही.

सोमवार, दि. 6 डिसेंबर 2021 रोजी पहिल्या पाळीला गेलो, तेव्हा कार्ड पंच होईना. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे नावांची यादी होती आणि माझ्या नावापुढे लाल पेनाने फुली मारलेली होती. तो ओळखीचा माणूस आहे. मान खाली घालून म्हणाला, 'दादा, मला सांगितलंय तेवढं मी करतो.' डबा हातात तसाच घेऊन मी परत आलो. पुढचे दोन दिवसही गेलो. सुरक्षारक्षकाच्या वहीत तिन्ही दिवसांची नोंद आहे आणि सुपरवायझरला मी 'फाटकावर उभा आहे, आत घेत नाहीत' असा व्हॉट्सॲप संदेश पाठवला होता, तो अजून माझ्याकडे आहे. एचआरने तोंडी सांगितले की खासगी डॉक्टरचा कागद चालणार नाही, एकतर दुसरा डोस घ्या नाहीतर बिनपगारी रजा धरू. राज्य शासनाने निर्बंध उठवल्यावर 4 एप्रिलला मला फोन करून कामावर बोलावले. मधल्या 119 दिवसांचा एक रुपयाही मिळालेला नाही.

खरी अडचण पुढे आहे. मे महिन्यात एचआरने माझ्यासमोर एक छापील पत्र सहीसाठी ठेवले: 'मी दि. 6/12/2021 ते 3/4/2022 या काळात वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने बिनपगारी रजेवर होतो. या काळाच्या वेतनाविषयी अथवा इतर लाभांविषयी माझा कोणताही हक्क राहणार नाही.' मी सही केली नाही. माझी वार्षिक वेतनवाढ रोखली गेली आणि 2 जूनला 'वरिष्ठांच्या आदेशाचा भंग' अशी कारणे दाखवा नोटीस हातात पडली. उत्तर सात दिवसांत, म्हणजे उद्यापर्यंत, द्यायचे आहे. युनियनचे पदाधिकारी म्हणतात, सही करून विषय मिटवा. पुतण्या म्हणतो, सर्वोच्च न्यायालयाने लससक्ती बेकायदा ठरवली आहे, अमेरिकेतही न्यायालयाने कंपन्यांना मनाई केली आहे, तेव्हा व्याजासकट पगार मिळेल. दोघांपैकी कोणाचे ऐकावे हे कळत नाही. मी लशीच्या विरोधात नाही. घरातल्या सगळ्यांचे दोन्ही डोस झाले आहेत.

निवृत्त एचआर, ठाणे

मी 30 वर्षे या बाजूच्या खुर्चीत बसलो आहे, त्यामुळे आधी कंपनीची बाजू मांडतो. 27 नोव्हेंबर 2021 च्या राज्य शासनाच्या आदेशाने आस्थापनांमध्ये काम करणाऱ्या आणि तिथे येणाऱ्या व्यक्तींचे संपूर्ण लसीकरण आवश्यक केले होते. दोन्ही डोस आणि त्यानंतर 14 दिवस, अशी त्याची व्याख्या होती. आस्थापनेने स्वतः नियम मोडल्यास 50,000 रुपयांचा दंड होता आणि हा आदेश आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 खालचा असल्याने तो न पाळणे हा गुन्हाच होता. अशा वेळी व्यवस्थापकाने फाटक बंद ठेवले तर त्याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. कारखाना अधिनियमाच्या कलम 7अ प्रमाणे कामगारांच्या आरोग्याची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्यच आहे, आणि सीएनसी मशीन काही घरी नेऊन चालवता येत नाही.

परंतु हेही प्रामाणिकपणे सांगतो की त्याच आदेशात वैद्यकीय कारणाने लस घेता येत नाही अशा व्यक्तीसाठी सूट होती आणि त्यासाठी मान्यताप्राप्त डॉक्टरचे प्रमाणपत्र पुरेसे होते. ते सरकारी रुग्णालयाचेच हवे अशी अट त्यात नव्हती. आपल्या एचआरने आदेश वाचण्याऐवजी बहुधा इतर कंपन्यांच्या एचआरचे व्हॉट्सॲप वाचले. आणि कामगाराकडून मागाहून 'स्वेच्छेने' असे लिहून घेण्याचा हा खटाटोप कशासाठी चालला आहे, हे मला अनुभवाने चांगले कळते. ज्याला आपला कागद पक्का आहे असे वाटते, तो असे पत्र मागत नाही.

कामगार न्यायालयाच्या पायरीवरून, पुणे

उत्तर उद्याच द्यायचे असल्याने थोडे सविस्तर लिहितो. मी कामगारांच्या आणि मालकांच्या, दोन्ही बाजूंनी काम केले आहे.

प्रथम पुतण्याचा गैरसमज दूर करू. 2 मे 2022 रोजी जेकब पुलियेल खटल्यात न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने असे म्हटले की शरीराची स्वायत्तता संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्ये येते आणि कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. परंतु सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकते, मात्र त्या मर्यादांना कायद्याचा आधार हवा, त्यांची गरज रास्त हवी आणि त्या गरजेच्या प्रमाणात हव्यात, हेही त्याच निकालात आहे. लस न घेतलेल्यांमुळे संसर्ग अधिक पसरतो असे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणबद्ध म्हणता येत नाहीत, असे न्यायालयाने नोंदवले आणि संसर्गाचे प्रमाण कमी आहे तोवर खासगी संस्थांसह सर्वांनी आपापल्या आदेशांचा फेरविचार करावा असे सुचवले. 'सुचवले' हा शब्द नीट लक्षात घ्या. डिसेंबरमधल्या प्रत्येक बिनपगारी दिवसाचे पैसे द्या, असा हुकूम त्या निकालात कुठेही नाही. शिवाय मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात. खासगी कारखान्याविरुद्ध रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की ही कंपनी 'राज्य' कशी.

मेघालय उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये दुकानदार आणि टॅक्सीचालकांवरील लससक्तीबाबत उपजीविकेच्या हक्काचा कडक शब्दांत पुरस्कार केला, हे खरे; पण तिथे समोर शासन होते. उलट उदाहरणही आहे. हवाई दलातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात ऑगस्ट 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयात केंद्राने सांगितले की देशभरात 9 जणांनी लस नाकारली, त्यांना नोटिसा दिल्या आणि उत्तर न देणाऱ्या एकाला सेवेतून काढले. तिथे लस ही सेवाशर्त असल्याची भूमिका होती. यातून एवढेच घ्या की 'लससक्ती वैध की अवैध' या एका वाक्यात आपले प्रकरण सुटणार नाही. माझ्या मते ते तिथे नेऊच नये.

आपला प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक भक्कम आहे: त्या 119 दिवसांना कायद्याने काय म्हणायचे? ती रजा नव्हती, कारण आपण अर्ज केलेला नाही. ते निलंबन नव्हते, कारण आरोपपत्र नाही; आणि चौकशी प्रलंबित असताना निलंबित केले असे धरले तर पहिले 90 दिवस निम्मे वेतन आणि पुढे 75 टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. तो ले-ऑफ (कामाअभावी तात्पुरते घरी बसवणे) नव्हता, कारण कच्चा माल, वीज किंवा यंत्र बंद पडल्याने काम नव्हते असे नाही. आपल्या मशीनवर दुसरा माणूस उभा होता. गैरहजेरी म्हणावी, तर आपण तिन्ही दिवस फाटकावर होतात आणि आत न घेणारा मालक होता. वेतन प्रदान अधिनियम, 1936 च्या कलम 9 प्रमाणे गैरहजेरीचे पैसे कापता येतात, पण ती गैरहजेरी कामगाराची असावी लागते. म्हणूनच कंपनीला 'स्वेच्छेने' हा शब्द हवा आहे. आज त्या दिवसांना नाव नाही, आपल्या सहीने ते मिळेल.

तेव्हा सही करू नका. उद्याच्या उत्तरात कोणावरही आरोप करू नका, लशीविषयी मतप्रदर्शन करू नका. घडलेले तारखेनिशी लिहा: डोस कधी घेतला, त्रास काय झाला, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिले आहे, ते कधी दिले, 6, 7 आणि 8 डिसेंबरला किती वाजता फाटकावर होतात, कोणाला संदेश पाठवला. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झालेल्यास पुढचा डोस देऊ नये, ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची जानेवारी 2021 पासूनची सूचना आहे. तीही नमूद करा. मग लिहा की सदर काळात मी कामास तयार व उपलब्ध होतो, रजेचा अर्ज केलेला नाही, आणि वस्तुस्थितीशी न जुळणाऱ्या मजकुरावर सही करण्याचा आदेश हा कायदेशीर आदेश ठरत नाही, म्हणून तो न पाळणे हे गैरवर्तन नाही. शेवटची ओळ महत्त्वाची आहे, कारण स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, गैरवर्तन ठरते ते 'कायदेशीर व वाजवी' आदेशाच्या भंगाने. महाराष्ट्रात 50 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला स्थायी आदेश लागू होतात. आपल्या कारखान्याची प्रत मागून घ्या. चौकशी केल्याशिवाय त्यांना आपल्याला शिक्षा करता येणार नाही.

आता दाद कुठे मागायची ते सांगतो. आपला पगार महिना 24,000 च्या आत असल्याने वेतन प्रदान अधिनियमाखाली दावा करता येईल. त्याची मुदत पगार देय झाल्यापासून 12 महिने आहे, म्हणजे डिसेंबरच्या पगारासाठी जानेवारी 2023 उजाडण्याआधीच कागद तयार हवेत. दुसरा रस्ता अनुचित कामगार प्रथांना आळा घालणाऱ्या 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याचा, ज्याला आपण सगळे 'पल्प' म्हणतो. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील बाब 9 करार न पाळण्याविषयी आहे आणि न्यायालयांनी स्थायी आदेश व सेवाशर्ती यांनाही करारात धरले आहे. ही तक्रार औद्योगिक न्यायालयात 90 दिवसांत करावी लागते. फाटक बंद झाल्यापासून मोजले तर ते दिवस मार्चमध्येच संपले, परंतु सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, आणि रोखलेली वेतनवाढ व 2 जूनची नोटीस या ताज्या घटनांची मुदत अजून शिल्लक आहे. देव न करो, पण उद्या कामावरून काढले तर औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 2अ प्रमाणे समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून 45 दिवसांनंतर थेट कामगार न्यायालयात जाता येते.

निकाल काय लागेल? कंपनी शासनाचा आदेश ढाल म्हणून पुढे करेल आणि ती ढाल पोकळ नाही. न्यायालय पूर्ण पगार देईल, निम्मा देईल किंवा 'काम नाही तर दाम नाही' असेही म्हणेल. आपले पारडे जड आहे ते केवळ त्या डिस्चार्ज कार्डामुळे. इच्छेने लस न घेतलेला कामगार आपल्या जागी असता, तर मी त्याला इतक्या खात्रीने लिहिले नसते.

ग्रॅच्युइटीची चिंता करू नका. सेवाखंड झाला असा स्थायी आदेशांनुसार रीतसर हुकूम निघाल्याशिवाय नुसत्या विनारजा गैरहजेरीनेही ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा तुटत नाही.

परिचारिका, नाशिक

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी वॉर्डातून दिसणारी बाजू सांगते. नोकरीसाठी लस ही गोष्ट कोविडबरोबर आली असे सगळे धरून चालले आहेत, ते बरोबर नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. उपाहारगृहात अन्न हाताळणाऱ्यांनी टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांची लस घेणे अन्नसुरक्षेच्या 2011 च्या विनियमांत सक्तीचे आहे आणि त्याची नोंद ठेवावी लागते. आपल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा देणाऱ्या मुलाला ही अट कित्येक वर्षांपासून लागू आहे. त्याच्या हक्काविषयी इथे कधी धागा निघालेला मला आठवत नाही.

या नियमांत आणि तुमच्या प्रकरणात मला जो फरक दिसतो तो असा, की तिथे कामाचा आणि आजाराचा थेट संबंध आहे आणि ती अट नियमात लिहिलेली आहे. माझ्या हाताला सुई टोचली तर हिपॅटायटिस मला होऊ शकतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या लाटेत माझ्या सहकारी वॉर्डबॉयने वडील गमावले. लस न घेतलेल्या माणसाशेजारी आठ तास उभे राहायला त्याने नकार दिला असता, तर मी त्याला दोष दिला नसता. शेजारच्या मशीनवरच्या माणसाची भीतीही खरी होती, एवढे तुम्ही मनात धरावे असे वाटते. मात्र तुमच्यासारखी रिॲक्शन आलेल्याला 'दुसरा डोस घ्या नाहीतर घरी बसा' असे सांगणाऱ्याने ते डिस्चार्ज कार्ड एकदा तरी कंपनीच्या डॉक्टरला दाखवायला हवे होते. कारखान्याला नेमलेला डॉक्टर असेलच. त्याचे मत घेतले होते का, हे उत्तरात जरूर विचारा.

उंबरठा, न्यू जर्सी

पुतण्याच्या फॉरवर्डपुरते लिहितो. 13 जानेवारी 2022 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली ती सरकारच्या नियमाला. 100 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या मालकांनी लस किंवा दर आठवड्याची चाचणी सक्तीची करावी, असा तो नियम होता. कंपनीने स्वतःहून लस मागू नये असे न्यायालयाने म्हटलेले नाही. त्याच दिवशी सरकारी आरोग्य योजनांचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांसाठीची लससक्ती त्याच न्यायालयाने चालू ठेवली. ह्यूस्टनमध्ये एका रुग्णालयाच्या 117 कर्मचाऱ्यांनी केलेला दावा तर जून 2021 मध्येच फेटाळला गेला होता. इथे अपंगत्व किंवा प्रामाणिक धार्मिक श्रद्धा असेल तर मालकाला शक्य ती सोय करून द्यावी लागते. ते नसेल तर बहुतेक राज्यांत नोकरी जाण्यास विशेष कारणही लागत नाही. आपल्याकडच्या कामगाराला जे कलम 2अ आणि जो पल्प कायदा आहे, तसे काही इथे माझ्या हाताशी नाही. तेव्हा अमेरिकेचा दाखला कृपया उत्तरात लिहू नका.

तिसरी पाळी, भोसरी · 9 जून 2022, रात्री

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसून उत्तर लिहिले. मुलीने ते टाइप केले. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे लशीविषयी मत म्हणून एक शब्दही लिहिला नाही. ताईंनी सुचवलेला कंपनीच्या डॉक्टरांविषयीचा प्रश्न शेवटी घातला आहे. शेजारच्या मशीनवरच्या माणसाविषयी त्यांनी जे लिहिले ते मनाला लागले, कारण तो माझा 11 वर्षांचा जोडीदार आहे आणि त्या चार महिन्यांत त्याने मला एकदाही फोन केला नव्हता. आज पाळी सुटल्यावर त्याच्याशी पहिल्यांदा बोललो.

दुपारी उत्तर टाइम ऑफिसला दिले. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून दिला, पण तारीख घातली नाही आणि सहीही केली नाही. 'साहेब आल्यावर करू' म्हणाले. संध्याकाळपर्यंत साहेब आले नाहीत.

कामगार न्यायालयाच्या पायरीवरून, पुणे

तारखेविना शिक्क्याला अर्थ नाही. आजच रात्री तेच उत्तर स्कॅन करून एचआरच्या ईमेलवर पाठवा, म्हणजे मुदतीत दिल्याची नोंद राहील. उद्या सकाळी पाळीवर जाण्याआधी मूळ प्रत पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर टाका आणि टपाल कार्यालयाची पावती डिस्चार्ज कार्डाबरोबर एकाच फायलीत ठेवा. सुरक्षारक्षकाच्या वहीतील त्या तीन दिवसांच्या पानांची प्रत मागणारे पत्रही त्याच पाकिटात घाला. वह्या बदलल्या की जुन्या रद्दीत जातात.